घरट्याची वार्ता

मिशिगनच्या उत्तर भागातील ग्रेलिंग या गावाला एका माशाचे नाव मिळालेले आहे, आणि ज्या ऑ सेबल नदीच्या काठी ते वसले आहे तिच्या पात्रात तो मासा आज औषधालाही सापडत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या मुलुखातील पांढऱ्या पाइनची अरण्ये कुऱ्हाडीखाली गेली, ओंडके वाहून नेण्यात नद्यांचे तळ खरवडून निघाले, गळ टाकणाऱ्यांनी टोपल्या भरभरून मासे नेले, आणि १९३० च्या दशकापर्यंत ग्रेलिंग मासा मिशिगनमधून नाहीसा झाला. गावाच्या पाटीवर त्याचे नाव तेवढे उरले. २०२३ च्या जून महिन्यातील एका सकाळी, साडेसहाच्या सुमारास, त्या पाटीवरून आमची मोटार पुढे गेली तेव्हा कन्येने मला ही हकीकत सांगितली. आणि पुढे सारा दिवस एका दुर्मिळ पक्ष्यासाठी मी त्या प्रदेशात हिंडत असताना ती माझ्या मनातून गेली नाही.

कन्येचे बिऱ्हाड ॲन आर्बरला. तेथून उत्तरेकडे तीन तासांचा रस्ता, म्हणून आम्ही पहाटे साडेतीनला निघालो होतो. आमचे प्रयोजन म्हणजे कर्टलंडचा वॉर्ब्लर. वॉर्ब्लर या नावाखाली इंग्रजीत जे पक्षी मोडतात त्यांपैकी आपल्याकडील पर्णवटवटे आणि बोरूवटवटे हिवाळ्यात दख्खनच्या झाडाझुडपांत मोठ्या संख्येने उतरतात. अमेरिकेतले वॉर्ब्लर मात्र निराळ्या कुळातले, रंगाने उजळ आणि आपल्या वटवट्यांचे केवळ नावापुरते भाऊबंद. कर्टलंडचा वॉर्ब्लर लांबीने चिमणीएवढा पण वजनाने सव्वा तोळ्याच्या आतबाहेर भरतो; पाठ निळसर राखी, पोट लिंबासारखे पिवळे, दोन्ही कुशींवर काळ्या रेघा, आणि डोळ्याभोवती मध्येच तुटलेले पांढरे कडे. एवढासा हा जीव हिवाळा बहामा बेटांवर काढतो आणि मे महिन्यात दोन हजार किलोमीटरांहून अधिक अंतर उडून वीण घालण्यासाठी मिशिगनच्या या वालुकामय पठारावर येतो. १९९५ पासून राज्याच्या उत्तर द्वीपकल्पात, आणि २००७ पासून शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये व कॅनडातील ऑन्टारिओत त्याची थोडी घरटी आढळू लागली आहेत. परंतु त्याचे खरे माहेर म्हणजे ग्रेलिंग आणि मायो या दोन गावांच्या भोवतालचे काही परगणे.

या माहेराचा पत्ता माणसाला फार उशिरा लागला. १८४१ साली बहामातील ॲबको बेटाजवळ एका जहाजावर हा पक्षी हाती आला, पण तो नवा आहे हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले नाही. १८५१ च्या मे महिन्यात ओहायोतील क्लीव्हलंडजवळ डॉ. जेरेड कर्टलंड यांच्या शेतावर एक नर सापडला, आणि पुढील वर्षी स्पेन्सर बेअर्ड यांनी त्याचे वर्णन करून त्याला डॉक्टरसाहेबांचे नाव दिले. १८७९ मध्ये अँड्रॉस बेटावर त्याचा हिवाळी मुक्काम उमगला. नाव मिळाले, हिवाळ्यातले बिऱ्हाड कळले, तरी तो अंडी कोठे घालतो हे कोडे अर्धशतक तसेच राहिले. ते सुटले १९०३ मध्ये, आणि तेही एका मासेमारीच्या सहलीमुळे. ऑ सेबलच्या काठी ट्राउट मासे धरावयास गेलेल्या फ्रॉथिंगहॅम नावाच्या गृहस्थांच्या कानावर एक अपरिचित गाणे पडले; पक्ष्याचा नमुना मिशिगन विद्यापीठाच्या संग्रहालयात पोहोचला, आणि तेथील नॉर्मन वुड यांनी तो ओळखून, नदीच्या वाटेने त्या भागात जाऊन, जुलै महिन्यात ऑस्कोडा परगण्यात पहिले घरटे शोधून काढले. म्हणजे या पक्ष्याविषयीची मूळ बातमीच एकाने ऐकावी, दुसऱ्याला सांगावी आणि तिसऱ्याने पडताळावी अशा रीतीने पुढे आली. आजही ती तशीच येते, हे मला त्या दिवशी प्रत्यक्ष पाहावयास मिळाले.

हार्टविक पाइन्स या राखीव उद्यानाच्या दारात सात वाजता आम्ही पंधरासोळा मंडळी जमलो. पांढऱ्या पाइनच्या मूळ अरण्याचा सुमारे ४९ एकरांचा तुकडा येथे कुऱ्हाडीतून वाचला आहे, आणि विणीच्या हंगामात पक्षी पाहू इच्छिणाऱ्यांना येथूनच वाटाड्याबरोबर नेण्याची तजवीज असते. आमची वाटाडी विशीच्या पुढची एक तरुणी होती. वनस्पतिशास्त्राचे शिक्षण, उन्हाने रापलेला चेहरा, बोलणे मोजके. निघण्यापूर्वी तिने तीन नियम सांगितले : रस्ता सोडावयाचा नाही, ध्वनिमुद्रित गाणे वाजवून पक्ष्याला बोलवावयाचे नाही, आणि घरटे कोठे आहे हे विचारावयाचे नाही. तिसऱ्या नियमाचे अनेकांना नवल वाटले, कारण जो पक्षी विणीसाठीच प्रसिद्ध आहे तो पाहावयास यावे आणि त्याचे घरटे पाहू नये हे वरकरणी विपरीतच वाटते. या नियमामागचे कारण मात्र याच भूमीच्या इतिहासात आहे.

ग्रेलिंगपासून वायव्येस मोटारीने तासा-सव्वातासाच्या अंतरावर, सरोवराच्या काठी पेटॉस्की नावाचे गाव आहे. १८७८ साली त्याच्या आसमंतातील अरण्यात प्रवासी कबुतरांची प्रचंड वीण बसली. त्या काळी वीण बसल्याची खबर तारायंत्राने ठिकठिकाणी जात असे, व्यावसायिक पारधी आगगाडीने येऊन पोहोचत असत, आणि घरट्यांतील पिलांसकट मारलेले पक्षी पिंपांत भरून त्याच आगगाडीने शहरांच्या बाजारात रवाना होत असत. पेटॉस्कीला हेच झाले. उत्तर अमेरिकेतील या कबुतरांच्या अखेरच्या मोठ्या विणींपैकी ही एक. १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची शेवटची मादी मेली आणि ज्यांच्या थव्यांनी पूर्वी सूर्य झाकला जात असे ती जात पृथ्वीवरून संपली. घरट्याची बातमी ही पक्ष्याच्या दृष्टीने किती घातक वस्तू ठरू शकते याचा याहून ढळढळीत दाखला मला ठाऊक नाही. तारायंत्राने वाईट केले असे मी म्हणत नाही. बातमी ज्यांच्या हाती गेली त्यांच्या मनात काय होते, यावरच सारे ठरले.

हार्टविकहून मोटारींची रांग निघाली आणि थोड्याच वेळात वाळूच्या रस्त्यावर येऊन थांबली. समोरचे दृश्य, खरे सांगावयाचे तर, अरण्य म्हणण्याजोगे नव्हते. पुरुषभर ते दीड पुरुष उंचीची जॅक पाइनची दाट रोपे, मध्येमध्ये गवताचे व रानबोरीएवढ्या निळ्या फळांच्या झुडपांचे मोकळे तुकडे, आणि पायाखाली राखी-पांढरी वाळू. पण या पक्ष्याला नेमके हेच लागते. घरटे जमिनीवर असते. त्याला छप्पर म्हणून पाइनच्या अगदी खालच्या, जमिनीला टेकलेल्या जिवंत फांद्या हव्यात. झाडे पाचसहा वर्षांची झाली की पक्षी येतो. ती पंधरावीस वर्षांची झाली, खालच्या फांद्या सावलीने वाळून गळाल्या, की तो ती जागा कायमची सोडतो. वाळू हवी ती अशासाठी की पावसाचे पाणी तत्काळ जिरावे आणि घरटे बुडू नये. येथल्या मातीचे शास्त्रीय दप्तरातील नावच ‘ग्रेलिंग वाळू’ असे आहे.

आणि कोवळी झाडे सतत मिळावयाची तर रान सतत जळावयास हवे. जॅक पाइनचे शंकू राळेने घट्ट मिटलेले असतात. वाटाडीने खाली पडलेला एक शंकू माझ्या तळहातावर ठेवला : बोटाच्या दोन पेरांएवढा, एका अंगाला वाकलेला, राखी, दगडासारखा कठीण, नखाने खवले उचकटण्याचा मी प्रयत्न केला तो व्यर्थ गेला. वणव्याची आच लागली की राळ वितळते, खवले उमलतात आणि राखेच्या उबदार थरावर बी सांडते. शतकानुशतके विजेने पेटलेले वणवे हे काम करीत होते. विसाव्या शतकात वणवे विझविण्याची सरकारी व्यवस्था कार्यक्षम झाली, आणि तिच्या यशाबरोबर या पक्ष्याचे घर आक्रसत गेले.

दुसरे संकट काऊबर्ड या पक्ष्याचे. पूर्वी गवताळ मैदानांत रानरेड्यांच्या कळपांमागून फिरणारा हा पक्षी, जंगले तुटून शेते झाली तशी मिशिगनमध्ये शिरला. आपल्याकडे कोकिळा कावळ्याच्या आणि पावशा सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात, तसा तो दुसऱ्यांच्या घरट्यांत अंडी घालतो. पण सातभाई पिढ्यान्‌पिढ्या पावशाबरोबर नांदत आले आहेत, आणि या वॉर्ब्लरला काऊबर्डचा परिचयच नव्हता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस दहातील सुमारे सात घरट्यांत परक्याचे अंडे सापडू लागले.

हे सारे कळले ते शिरगणतीमुळे, आणि तिच्याविषयी मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण इतक्या सोप्या साधनाने इतके मोठे काम झालेले मी अन्यत्र पाहिलेले नाही. नराचे गाणे ठसठशीत आणि वाहते; शांत पहाटे ते पाव मैलावरून ऐकू येते. पक्षी गातो तो स्वतःच्या हद्दीत, आणि वर्षानुवर्षे ठराविक प्रकारच्या रानातच. तेव्हा जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यांत ठराविक अंतराने माणसे रानातून सरळ रेषेत चालवावयाची, गाणारा नर ऐकू आला की त्याची जागा नकाशावर टिपावयाची, शेजारच्या रेषेवरल्या माणसाच्या टिपणाशी ती पडताळावयाची म्हणजे एकच पक्षी दोनदा मोजला जाणार नाही, आणि प्रत्येक गाणाऱ्या नरामागे एक जोडी धरावयाची. १९५१ मध्ये हॅरोल्ड मेफील्ड यांच्या पुढाकाराने पहिली गणती झाली. मेफील्ड हे व्यवसायाने पक्षिशास्त्रज्ञ नव्हते. हौसेने पक्षी पाहणारे गृहस्थ होते, आणि घरट्यांचे यश मोजण्याची त्यांच्या नावाची रीत आज जगभर रूढ आहे. त्या वर्षी नर भरले ४३२. १९६१ मध्ये ५०२. १९७१ मध्ये एकदम २०१. एखाद्या पक्ष्याची सर्व जात दहा वर्षांत निम्म्याहून खाली यावी आणि ती कशामुळे आली हे शोधण्याइतका अवधी माणसाला मिळावा, ही त्या कागदावरील टिपणांची पुण्याई. १९७२ पासून काऊबर्ड पकडण्यासाठी मोठे पिंजरे लावण्यात आले आणि परक्या अंड्यांचा उपद्रव झपाट्याने ओसरला. तरीही १९७४ मध्ये नर १६७, आणि १९८७ मध्ये पुन्हा १६७. पक्षी मरता मरता थांबला होता, वाढत नव्हता. राहावयास घर नव्हते.

घर मिळाले ते एका दुर्घटनेतून. ५ मे १९८० रोजी मायोजवळ वनखात्याने याच पक्ष्याच्या भल्यासाठी लावलेली नियंत्रित आग वाऱ्याने हाताबाहेर गेली. मॅक लेकच्या या वणव्यात सुमारे २४,००० एकर रान जळाले, ४४ घरे व इमारती भस्म झाल्या, आणि आग आटोक्यात आणू पाहणारा वनखात्याचा एक तरुण कर्मचारी मरण पावला. त्या राखेतून उगवलेल्या पाइनमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वॉर्ब्लर दाटीने राहू लागला आणि गणतीचे आकडे चढू लागले. ही गोष्ट सांगताना आमची वाटाडी काही क्षण थांबली, आणि तिच्याभोवती उभ्या असलेल्यांपैकी दोन वृद्धांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या. पक्ष्याच्या पुनरुज्जीवनाचा वृत्तांत लिहिताना त्या तरुणाच्या मृत्यूचा उल्लेख तळटीपेत टाकणे मला योग्य वाटत नाही.

आता आगीऐवजी बहुतेक काम कुऱ्हाड आणि रोपवाटिका करतात : पक्व झालेले जॅक पाइन क्रमाक्रमाने तोडावयाचे, लाकूड विकावयाचे, आणि मध्ये मोकळे तुकडे ठेवून नवी रोपे लावावयाची. २०२१ च्या गणतीत २,२४५ जोड्या भरल्या. त्याआधीच, २०१९ मध्ये, संकटग्रस्त प्रजातींच्या सरकारी यादीतून, जीत तो १९६७ पासून होता, या पक्ष्याचे नाव वगळण्यात आले होते. नाव वगळले गेले तरी राबणे थांबवून चालणार नाही. माणसाने लावणी सोडली की वीस वर्षांत घर पुन्हा संपेल.

आम्ही रस्त्यावर पाऊण तास उभे होतो. डास अंगाला डसत होते. “बाबा, ऐकलंत?” कन्येने माझी बाही धरली. डाव्या हाताला, पाइनच्या शेंड्यांपलीकडून, खालच्या पट्टीत सुरू होऊन चढत जाणारी आणि शेवटी झटक्याने तुटणारी एक खणखणीत लकेर आली, मग पुन्हा, मग दूरवरून दुसऱ्या नराचे उत्तर. कोणी बोलले नाही, पण सगळ्यांचे हात एका दिशेला वळले. एका वृद्ध बाईंनी आपली दुर्बीण तिकाटण्यावर लावून पक्षी नेमका धरला आणि स्वतः क्षणभरच पाहून बाजूला झाल्या; मग तिकाटण्याचे पाय आखडून ते एका आठनऊ वर्षांच्या मुलाच्या उंचीला आणले आणि त्याच्यानंतर आम्हा सर्वांना ओळीने पाहू दिले. माझी पाळी आली तेव्हा एका सुकलेल्या शेंड्यावर तो बसला होता. मान मागे टाकून, चोच उघडून, कंठाची पिवळी पिसे थरथरवीत तो गात होता, आणि गाणे संपले की शेपटी दोनदा खाली दाबीत होता.

त्यानंतर जे घडले ते मला गाण्याहून अधिक मोलाचे वाटते. रस्त्याच्या कडेच्या एका खालच्या फांदीवर मादी येऊन बसली. रंगाने नराहून फिकट, चोचीत एक हिरवी अळी. ती अळी गिळीना, आणि खाली गवतातही उतरेना. आमच्याकडे पाहत एका फांदीवरून दुसरीवर नुसती सरकत राहिली. छायाचित्रे घेणाऱ्यांनी यंत्रे सरसावली. वाटाडीने मात्र हात वर केला आणि हलक्या आवाजात म्हणाली, “तिची पिले जवळ आहेत. आपण मागे फिरू या.” तीस-चाळीस पावले सगळे मागे आले, कोणीही कुरकुरले नाही, आणि मागे वळून पाहिले तेव्हा फांदी रिकामी होती. अळी पोहोचली होती. अंडी उबवून चौदा दिवसांनी फुटतात आणि पिले नवव्या दिवसाच्या सुमारास घरटे सोडतात. त्या नऊ दिवसांतला एखादा तास पाहुण्यांच्या कौतुकापायी उपाशी जावा, हे त्या तरुणीने होऊ दिले नाही.

अकराच्या सुमारास आम्ही मायोच्या बाजूला, ऑस्कोडा परगण्यात गेलो. तेथे वाळूच्या एका आडरस्त्यावर समोरून आलेली मोटार थांबली, काच खाली झाली आणि एका अनोळखी गृहस्थांनी, नावगाव न विचारता, सांगितले की पुढे दीड मैलावर, वळणानंतर, मोडक्या शेंड्याच्या पाइनमध्ये एक नर सकाळपासून गात आहे. मात्र पलीकडच्या बाजूस मनाईची पाटी आहे, तेथे उतरू नका. आम्ही त्यांना सकाळच्या जोडीची वार्ता दिली. ते खिशातल्या वहीत ती लिहून घेऊन निघून गेले. मोडका शेंडा सापडला. नर दिसला नाही, पण गाणे स्पष्ट ऐकू आले.

परतताना मला सारखी आठवण होत होती ती खानदेशातील रानपिंगळ्याची. १८८४ नंतर हा पक्षी कोणाला दिसला नव्हता, आणि तो शोधणाऱ्यांची दिशाभूल केली ती पक्षिसंग्राहक कर्नल माइनर्ट्‌झहागेन याने : संग्रहालयातून चोरलेल्या जुन्या कातडीला त्याने १९१४ सालची, गुजरातेतील मांडवीची खोटी चिठ्ठी लावली होती. पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडकीस आणली, खऱ्या नोंदी तेवढ्या हाती धरल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत पाहिला, म्हणजे ११३ वर्षांनी. याच बाई पुढे मिशिगन राज्य विद्यापीठात संशोधन करीत राहिल्या. खऱ्या टिपणाने पक्षी सापडतो आणि खोट्या टिपणाने तो हरवलेलाच राहतो, हे आपल्या सातपुड्याने जेवढे भोगले आहे तेवढे क्वचितच कोणी भोगले असेल. आपल्याकडे माळरानांवर, गडांच्या उतारांवरील गवतात, पावसाळ्यात घरटी करणारे पक्षी पाहणाऱ्या तरुणांची संख्या आता मोठी आहे. त्यांनी मोजावे, तारीख घालावी, आकडा जाहीर करावा. पण घरट्याची नेमकी जागा आणि त्याचे जवळून काढलेले छायाचित्र पिले उडेपर्यंत स्वतःजवळ ठेवावे, ही माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

सकाळची फेरी संपताना वाटाडीने प्रत्येकाकडून काय दिसले, काय ऐकू आले ते विचारून एका तक्त्यात भरले होते. त्याच धर्तीवर रात्री ॲन आर्बरला मी माझ्या रोजनिशीत लिहिले : क्रॉफर्ड व ऑस्कोडा परगणे. कर्टलंडचा वॉर्ब्लर. गाणारे नर तीन, त्यांपैकी दिसलेला एक. मादी एक, चोचीत अळी. घरटे शोधले नाही.